पान कधी लागलं

काळुरामला घोड्यांची बोली कळते असं शहाड स्टेशनच्या पलीकडच्या आळीत सगळे म्हणायचे, आणि काळुराम ते कधी नाकारायचा नाही. माणसाला एखादा मोठेपणा फुकट चिकटत असेल तर तो झटकायचा कशाला? जात आगरी. बापजाद्यांनी भात लावलं, मिठागरं राबली. त्या घराच्या दारात घोडा कधी उभासुद्धा राहिला नव्हता. पण ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला सापाच्या विषावर औषध बनवणाऱ्या एका कंपनीनं, गवताची सोय बघून, उल्हास नदीच्या अंगाला तबेला घातला आणि काळुराम तिथं कामाला लागला. तेव्हापासून आळीत त्याचं नाव घोडेकाळू.

काम काय असतं ते तो कुणालाही रंगवून सांगायचा. सकाळी खरारा, मग दाण्याची चंदी, मग नदीकाठानं एक फेरी. आठवड्यातून कधीतरी डॉक्टर लोक यायचे आणि घोड्याला सापाचं विष टोचायचे. अगदी थोडं. घोडा मरत नाही, दोन दिवस मान खाली घालून उभा राहतो. पुढच्या खेपेला थोडं जास्त, मग आणखी जास्त. असं करत करत घोड्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारं काहीतरी तयार होतं. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि त्याची पावडर करून बाटलीत भरायची. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चौघांवर मिळून एकच बाटली. "इष अंगात धावत असतो ना, आपला औषध जाऊन त्याचा गळा धरतो," असं म्हणून काळुराम समोरच्याचा गळा खरंच धरून दाखवायचा. लोक हसायचे, पण ऐकायचे.

त्याचा लाडका घोडा होता मोरू. तांबडा, बुटका, आणि स्वभावानं अगदीच मोरू. सुई दिसली की बाकीचे घोडे थयथयाट करायचे, हा आपणहून मान पुढे करायचा. काळुराम घरून निघताना डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यासाठी वेगळी बांधून न्यायचा. त्याची बायको तुळसा त्यावरून त्याला टोचायची, की सवत असती तरी परवडली असती, ती निदान कधीतरी भाकऱ्या भाजायला तरी बसली असती. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या काळात आळीत साप चावला असं कुणी म्हणत नसे. नाव घेतलं की तो ऐकतो. म्हणायचं, पान लागलं. आणि पान लागलं की माणसाला उचलायचं ते थेट भगताच्या ओट्यावर. काळुरामनं याच्याविरुद्ध रान उठवलं. नाथा नावाचा त्याचा शेजारी गवत कापताना नागाच्या तावडीत सापडला, तेव्हा त्याचे भाऊ त्याला भगताकडे न्यायला निघाले होते. काळुराम वाटेत आडवा झाला. शिव्या खाल्ल्या, एक थोबाडीतही खाल्ली, पण नाथाला कल्याणच्या इस्पितळात घेऊन गेला. नाथा चालत घरी आला. त्यानंतर आळीत भगताचं दुकान बंद पडल्यासारखंच झालं.

तुळसाचं माहेर ठाण्याचं बाळकुम. एकुलता एक भाऊ कुंडलिक, तिच्याहून लहान. तिनं त्याला कडेवर वाढवलेला. काळुरामलाही सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळे मेव्हण्यातच त्यानं भाऊ बघितला. गंमत अशी की कुंडलिकची सासुरवाडी गावातलीच आणि सासरा कोण, तर आबा भगत, पंचक्रोशीत पान उतरवण्यात नाव काढलेला माणूस. कुंडलिकच्या हळदीला काळुरामनं चार माणसांत आबांना सांगितलं होतं, "आबा, तुमचं मंतरलेलं तांदूल शिजवून खा, निदान पोट तरी भरंल." मांडव हसला. आबाही हसले. नवरी गोदा मात्र हसली नाही, आणि ते काळुरामच्या लक्षात आलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तुळसा आवणीला माहेरी गेली. भात लावायला हात कमी पडत होते, भावानं बोलावलं, बहीण धावली. चार दिवसांनी दुपारी कंपनीच्या ऑफिसात फोन आला, की तुळसाला पान लागलंय, ठाण्याच्या इस्पितळात आणलंय.

काळुराम पोचला तेव्हा ती कॉटवर होती. पापण्या उचलत नव्हत्या, पण आत जाग होती. नर्सनं सांगितलं की बोटं हलवत होती. घशात नळी घातली होती आणि एक जण रबरी फुगा दाबून तिला श्वास देत होता. बाजूच्या टेबलावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. काळुरामनं लेबल ओळखलं. आपल्याच कंपनीचं. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याची छाती फुगली. त्याला वाटलं, यात मोरूचं रक्त असणार. त्यानं रडणाऱ्या कुंडलिकच्या पाठीवर हात फिरवला आणि सांगितलं, आता भ्यायचं काही कारण नाही, टायमात आणलीस, लाखमोलाचं काम केलंस.

टायमात आणली हे त्याला डॉक्टरकडूनच कळलं होतं. कुंडलिकनं मारलेला साप गोणपाटात घालून आणला होता, मण्यार होती. पान लागून अर्धा तास झाला, असं त्यानं सांगितलं होतं. इतक्या लवकर विष एवढं चढलेलं बघून डॉक्टर चक्रावला होता, पण नातेवाईक सांगतोय तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? काळुराम मनाशी समजला, फाटी काढायला गेली असेल, लाकडात हात घातला असेल. कुंडलिकनं ना हो म्हटलं, ना नाही.

तिसऱ्या दिवशी तुळसा गेली. बाटल्यांमागून बाटल्या दिल्या होत्या. काळुरामला रडू आलं ते फार उशिरा. आधी नुसता संताप आला. ज्याचा गळा धरायचा होता त्याचा गळा धरला नाही, आणि आपण गावभर हातवारे करत फिरलो.

कंपनीच्या प्रयोगशाळेत गुप्तेसाहेब होते, कल्याणच्या पारनाक्याचे. सरळ माणूस. दहावं उरकून काळुराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं, का धरलं नाही? गुप्त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले.

"काचेच्या नळीत आपण विष आणि औषध एकत्र घालतो," ते म्हणाले. "उबेला ठेवतो, त्यांची गाठ पडू देतो, आणि मग उंदराला टोचतो. उंदीर जगतो. माणसाच्या अंगात तसं नसतं, काळुराम. तिथं विष आधी जातं आणि औषध मागाहून. नागाचं विष स्नायूंना बाहेरून चिकटतं, ते उशिरानंसुद्धा कधी कधी सुटतं. मण्यारीचं नसांच्या टोकांत आत शिरून बसतं. मग औषध रक्तात नुसतं फिरत राहतं, त्याला धरायला विष सापडत नाही."

त्यात माणसाचं अंग गार पडलं, रक्ताचा जोर उतरला, तर औषध जायचं तिथवर पोचायलाही वेळ लागतो, असंही त्यांनी सांगितलं. काळुराम खाडीकाठचा जावई; त्याला हे कळलं. मासा पाण्यात आहे तोवर जाळं कामाचं, बगळ्याच्या पोटात गेल्यावर जाळं टाकून काय करणार? पण हे उशीर झाल्यावरचं बोलणं झालं. इथं तर अर्ध्या तासात आणली होती.

गुप्ते म्हणाले, की मण्यारीचं विष सहसा इतक्या घाईनं चढत नाही. आणि मण्यार फिरते ती रात्रीची, भर दुपारी ती कुठून चावली? तुला वेळ नीट सांगितली आहे ना?

काळुराम ताडकन उठला. "म्हंजे माझा मेव्हना खोटा बोलतो?"

गुप्ते म्हणाले, मी तसं म्हटलं नाही. त्यांनी त्याच खेपेच्या बाटल्या मागवल्या आणि पुन्हा तपासल्या. औषध खणखणीत निघालं. काळुरामला बोलावून त्यांनी तसं सांगितलंही, आणि ते खरंच होतं. पण दुखावलेल्या माणसाला अर्धंच वाक्य ऐकू येतं. काळुरामनं ऐकलं ते एवढंच, की काचेत धरतं. कंपनी आपला माल चांगला म्हणणार, साहेब कंपनीची री ओढणार, आणि वर आपल्या माणसावर संशय घेणार. त्या संध्याकाळी तो तबेल्यात गेला. मोरूनं सवयीनं भाकरीसाठी तोंड पुढे केलं. काळुरामनं त्याच्या नाकाडावर एक ठोसा मारला. आयुष्यात त्यानं कुठल्या जनावरावर उचललेला तो पहिला हात. घोडा मागे सरकला, कान पाडून उभा राहिला, आणि काळुराम तिथून बाहेर पडला तो पुन्हा त्या फाटकातून आत गेला नाही.

पुढं तो कल्याणच्या एका गोदामावर वॉचमन झाला. बोलणं कमी झालं. पण सापाचा विषय निघाला की तो एक वाक्य हमखास बोलायचा: "काचेत धरतो तो, अंगात नाय धरत." वाक्य लहान होतं आणि सोळा आणे कडू होतं, त्यामुळे लगेच तोंडोतोंडी झालं. ज्या माणसानं भगताचं दुकान बंद पाडलं तोच असं म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? हळूहळू लोक पुन्हा ओट्यावर जाऊ लागले. काळुराम कुणाला जा म्हणाला नाही, पण आता तो वाटेत आडवाही होत नव्हता.

सत्त्याऐंशीत नाथाच्या बायकोला, जनाबाईला, पान लागलं. घोणस होती, भाताच्या उडवीखाली. नाथा आधी काळुरामच्या दारात आला होता, हे ध्यानात ठेवा. स्वतःचा जीव ज्यानं वाचवला त्याला विचारल्याशिवाय तो पाऊल उचलणार नव्हता. त्यानं विचारलं, कुठं नेऊ? काळुराम म्हणाला, कुठंही ने, माझीला तिथं नेली होती, तुला ठावं हाय. नाथानं बायकोला भगताकडे नेलं. ती वाचली नाही. तिच्या दहाव्याला कुंडलिक मुद्दाम बाळकुमहून आला होता. नाथाच्या शेजारी बसला, त्याचं सांत्वन केलं, काळुरामचं ते वाक्य तिथंही कुणीतरी म्हटलं ते त्यानं ऐकलं, आणि जेवून गेला.

तुळसा गेल्यानंतरच्या सात वर्षांत कुंडलिकनं काळुरामला अंतर दिलं नाही, असंच सगळे म्हणायचे. सणावाराला यायचा, जिताडा मासा मिळाला की अर्धा घेऊन यायचा. भावजी एकटे पडले म्हणून हळहळायचा. काळुरामला वाटायचं, औषध फिरलं, साहेब फिरले, पण एवढा एक माणूस आपला राहिला.

एक्याण्णवच्या श्रावणात निरोप आला, की कुंडलिकच्या मुलाला, महिपतला, पान लागलं होतं, मण्यारच, पण बचावला. आठ-नऊ वर्षांचं पोर. काही दिवस इस्पितळात मशीनवर होतं, आता घरी आलं. काळुराम नारळ घेऊन बाळकुमला गेला. वाटेत वर्तकनगरच्या नाक्यावर उतरून त्यानं पोरासाठी पेढे घेतले. त्याला खरोखर आनंद झाला होता. तुळसाच्या भाच्याचा जीव वाचला होता. आणि त्या आनंदाच्या तळाशी एक काटाही होता, की याला धरलं आणि तिला का नाही?

महिपत ओट्यावर बसून पेढे खात होता. गोदानं चहा आणला. पोर वाचल्याच्या आनंदात तिचं तोंड थांबत नव्हतं. पहाटे अंथरुणात चावली म्हणाली, पोराच्या पोटात कळ आली तसा दिवा लावला, वाकळेखाली मण्यार. "आमच्या बाबांनीच सांगितला, या खेपेला वट्यावर आनूच नका, आधी इंजेक्शन. वन्संच्या टायमाला उजाडल्यापासून जेवनवेलेपर्यंत वट्यावरच बसलेलो, तशी चूक..."

तिथं तिचं तोंड मिटलं. कुंडलिकनं तिच्याकडे बघितलं होतं. ती कपबश्या गोळा करायला लागली, चहा अजून कपात होता तरी.

काळुरामला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग एक एक करून सगळं कळलं. फाटी नव्हती, भर दुपार नव्हती. पहाटे अंथरुणात, आणि नंतर अख्खी सकाळ आबा भगताच्या ओट्यावर, समोर ताटलीत मंतरलेले तांदूळ. सासऱ्याचा मान राखायला. हळदीच्या मांडवात काळुरामनं ज्याची थट्टा केली, त्याच्या पुढ्यात त्याच काळुरामची बायको आणून ठेवली, तर तिला कोण कशाला लवकर उठू देईल? तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि तिला उचलायला कुणी उठलं नाही. औषध दिलं तेव्हा धरायला काही उरलंच नव्हतं. गुप्तेसाहेबांनी जवळजवळ बोट ठेवून दाखवलं होतं, आणि आपण मेव्हण्यासाठी त्यांच्या अंगावर गेलो होतो.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. शत्रूनं केलं असतं तर काळुरामनं समजून घेतलं असतं. हा सात वर्षं त्याच्या पंगतीला बसत होता.

गोदा आत गेल्यावर काळुरामनं आवाज न चढवता विचारलं, की डॉक्टरला अर्धा तास का सांगितला?

"मी खोटा नाय बोल्लो, भावजी," कुंडलिक म्हणाला. "आपल्यात भगत नाव घेत नाय तवर पान लागला असा बोलत नाय. तवर नुसता कायतरी टोचलाय. आबांनी नाव घेतला तवा दुपार झालेली. मना डॉक्टरनं इचारला, पान कधी लागला. मी बोल्लो, अर्धा तास झाला."

आणि हे खरं होतं. बाळकुमच्या त्या आळीत पद्धत अशीच होती. भगत ताटलीतले तांदूळ फिरवणार, जनावर कुठलं ते सांगणार, आणि मग घरच्यांनी शब्द उच्चारायचा. त्याआधी शब्द तोंडातून काढला तर विष अंगात पक्कं होतं, अशी समजूत. कुंडलिकनं घड्याळ शब्दापासून मोजलं, दातापासून नाही. कदाचित डॉक्टरसमोर उभं राहताना त्याला ते खरंच खरं वाटलं असेल. पण नंतर सात वर्षं होती. ते वाक्य आळीआळीतून फिरत होतं तेव्हा त्याला कान होते. जनाबाईच्या दहाव्याला तो नाथाला लागून बसला होता.

"मंग पोराचा पान कधी लागला?" काळुरामनं विचारलं. "त्याचा नाव कुनी घेतला?"

कुंडलिकनं महिपतकडे बघितलं.

"तांदूल न बघता नेलास ना?"

"पोरगा हाय तो माझा," कुंडलिक म्हणाला.

"आनि ती तुझी कोन होती?"

आपला तो बाब्या, हे जगाला माहीत आहे. पण तुळसानं या माणसाला कडेवर वाढवलं होतं. कुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं. काळुरामला ते बघून कणव वाटली नाही, किळस आली. त्याला त्या क्षणी हेही कळलं, की हा आपल्याकडे मासे घेऊन यायचा तो मायेनं नाही, वाक्य अजून तसंच आहे ना ते बघायला यायचा. कदाचित हा अन्याय असेल. पण दगा खाल्लेल्या माणसानं न्यायानं विचार करावा ही अपेक्षा कुणी करू नये. पायात चपला घालून तो निघाला. महिपतनं हाक मारली तेव्हा मागे वळून त्यानं पोराच्या केसांतून हात फिरवला, कारण पोराचा काही गुन्हा नव्हता.

शहाडला उतरून तो घरी गेला नाही. नाथाच्या दारात जाऊन उभा राहिला. नाथा जाळीदार बनियन घालून कुंपणाची काठी तासत बसला होता. काळुरामनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तुळसा, ओटा, तांदूळ, अर्धा तास, काही न वगळता. कुंडलिकला शिव्या दिल्या. आपलं रडणं रडला. त्याला वाटत होतं, आपल्याला फसवलं हे ऐकून नाथा तरी आपल्या बाजूनं पेटून उठेल.

नाथानं कोयता खाली ठेवला.

"म्हंजे," त्यानं विचारलं, "अंगात धरतो?"

काळुरामला मागे सरायला जागा नव्हती. "धरतो," तो म्हणाला. "टायमात दिला तर धरतो."

नाथा उठला, घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.